व्हाइसरॉयच्या वाड्यातील विद्यापीठ

दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे जो प्रशस्त रस्ता जातो, त्याला कोपर्निकस मार्ग असे नाव आहे. मराठी माणसाला हा रस्ता परिचयाचा असतो तो कोपर्निकसमुळे नव्हे, तर जुन्या महाराष्ट्र सदनामुळे. कामकाजानिमित्त राजधानीत येणारी कित्येक मंडळी या सदनात उतरली, राहिली आणि ज्याच्या नावाच्या रस्त्यावर आपला मुक्काम होता तो गृहस्थ कोण, याची विचारपूस न करताच परतली. वस्तुतः हा पोलंडचा ज्योतिर्विद मोठा विलक्षण माणूस होता. क्राकोव्ह, बोलोन्या, पादुआ आणि फेर्रारा अशा चार विद्यापीठांशी त्याचा संबंध आला. परंतु प्राध्यापकी त्याने पेशा म्हणून पत्करली नाही. चर्चच्या जमीनजुमल्याची व्यवस्था पाहणारा तो एक कारभारी होता. आकाशातील ग्रहांचा हिशेब मांडता मांडता, खोटी व हलकी नाणी चलनात आली म्हणजे राज्याचे कसे नुकसान होते, यावरही त्याने १५२६ साली निबंध लिहिला.

कारभाऱ्यांचा विद्येशी जडलेला हा संबंध येथे सांगण्याचे कारण एवढेच की, या रस्त्यापासून काही मैल उत्तरेला, डोंगरकड्याच्या कुशीत वसलेल्या दिल्ली विद्यापीठाचा इतिहास पाहिला, तर त्यात अशाच माणसांची गाठ पुनःपुन्हा पडते. कोणी बॅरिस्टर, कोणी न्यायाधीश, कोणी दप्तरखान्याचा प्रमुख, तर कोणी रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर. आणि यांतील कित्येकांचे धागेदोरे नागपूर, पुणे, कुलाबा येथपर्यंत पोहोचतात. विद्यापीठ म्हटले की दीक्षान्त समारंभ, पदव्या आणि इमारती डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु या विद्यापीठाच्या शंभर वर्षांच्या वाटचालीत एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांनी पुढे येत राहिला: हे विद्यापीठ कोणासाठी आहे? निवडक थोड्यांसाठी, की दारात येईल त्याच्यासाठी?

आरंभ थोडा मागून करावा लागेल. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन शहरांत विद्यापीठे स्थापन झाली. त्याच वर्षी दिल्लीच्या वाट्याला वेढा आला, लूट आली आणि शहराची वाताहत आली. बंड मोडल्यावर दिल्ली पंजाब प्रांताला जोडण्यात आली आणि मोगलांची राजधानी एका जिल्ह्याचे गाव होऊन बसली. अजमेरी दरवाजाजवळचे जुने दिल्ली कॉलेज हे एकेकाळी पौर्वात्य आणि पाश्चात्त्य विद्यांच्या संगमाचे ठिकाण होते. तेथील गणिताचे शिक्षक मास्तर रामचंद्र यांचा ग्रंथ डी मॉर्गन या इंग्रज गणितज्ञाने १८५९ साली लंडनमध्ये पुन्हा छापविला, इतकी त्याची योग्यता होती. असे हे कॉलेज १८७७ साली बंद करण्यात आले आणि त्याचा शिक्षकवर्ग लाहोरला हलविण्यात आला. दिल्लीकरांच्या मनाला ही गोष्ट फार लागली. पुढे १८८१ साली सेंट स्टीफन्स, १८९९ साली हिंदू कॉलेज आणि १९१७ साली रामजस अशी तीन कॉलेजे निघाली खरी. परंतु परीक्षा आणि पदव्या यांसाठी त्यांना लाहोरच्या पंजाब विद्यापीठाकडे पाहावे लागे.

१९११ साली राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणण्याची घोषणा झाली, तेव्हा या जिल्ह्याच्या गावाचे भाग्य फिरले. राजधानी आहे आणि विद्यापीठ नाही, ही विसंगती फार काळ टिकणे शक्य नव्हते. १९२२ साली मध्यवर्ती विधिमंडळाने दिल्ली विद्यापीठाचा कायदा संमत केला आणि १ मे १९२२ पासून विद्यापीठ अस्तित्वात आले. वर उल्लेखिलेली तीन कॉलेजे, कला व विज्ञान या दोन शाखा आणि सुमारे साडेसातशे विद्यार्थी, एवढाच त्याचा संसार. कल्पना मात्र मोठी होती. कलकत्ता विद्यापीठाची चौकशी करणाऱ्या सॅडलर आयोगाने असे सुचविले होते की, नुसत्या परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठांचे दिवस संपले. ज्यात गुरू व शिष्य एकत्र राहतात, शिकतात आणि शिकवितात, अशी आटोपशीर निवासी विद्यापीठे यापुढे हवीत. मुंबई विद्यापीठ सिंधपासून कर्नाटकापर्यंतची कॉलेजे सांभाळीत होते. दिल्लीचे तसे होऊ नये, एका शहरापुरते, घट्ट विणीचे विद्यापीठ उभे राहावे, अशी योजना होती.

पहिले कुलगुरू नेमले गेले ते डॉ. हरिसिंग गौर. त्यांचा जन्म सागरचा. हे सागर म्हणजे पेशव्यांचे मामलेदार गोविंदपंत बुंदेले यांनी नावारूपास आणलेले गाव. शिक्षण नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आणि केंब्रिजमध्ये झाले. वकिली नागपुरात केली. नागपूर नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. आणि मध्यवर्ती विधिमंडळात ते निवडून आले तेही नागपुरातूनच. स्त्रियांना वकिलीची सनद मिळावी म्हणून विधिमंडळात आग्रह धरणारे हे गृहस्थ होते. मराठी मुलखात नाव मिळविलेल्या या बॅरिस्टराच्या हाती राजधानीचे नवजात विद्यापीठ आले, आणि आले तेही अगदी पडत्या काळात. महायुद्धानंतर सरकारी तिजोरीत खडखडाट होता. इंचकेप समिती एकेका खात्याच्या खर्चावर कात्री चालवीत होती. विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती. काश्मिरी दरवाजा आणि अलीपूर मार्ग यांच्या परिसरात उसन्या जागांतून त्याचे बिऱ्हाड फिरत राहिले. अशा अवस्थेत चार वर्षे गौर यांनी ते जगविले, हेच त्यांचे कर्तृत्व म्हणावयाचे. पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूपदही त्यांच्याकडे आले आणि १९४६ साली आयुष्यभराच्या कमाईतून त्यांनी सागरला विद्यापीठ काढले. विद्यापीठ स्थापन करण्याचे एवढे वेड एका वकिलाला असावे, हे आपल्याकडे दुर्मिळच.

या दुर्बळ विद्यापीठाच्या दारावर पहिली थाप कोणाची पडली असेल, तर ती स्त्रियांची. १९२४ साली इंद्रप्रस्थ कॉलेज निघाले. ते मुलींच्या शाळेतून वाढलेले दिल्लीतील पहिले महिला महाविद्यालय. याच संदर्भात कोपर्निकस मार्गाकडे पुन्हा एकदा वळणे प्राप्त आहे. या रस्त्याच्या इंडिया गेटकडील टोकाला बडोदा हाउस उभे आहे. ल्युटेन्सने गायकवाडांसाठी बांधलेला हा प्रासाद आता उत्तर रेल्वेच्या कचेऱ्यांनी व्यापला आहे. दुसऱ्या टोकाला, मंडी हाउसच्या चौकाजवळ सिकंदरा मार्गावर, लेडी अर्विन कॉलेज आहे. वरवर पाहता या दोन वास्तूंचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु १९२७ च्या जानेवारीत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा त्याच्या अध्यक्षस्थानी होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. स्त्रीशिक्षण हाच त्या अधिवेशनाचा विषय होता. या परिषदेने पुढे स्त्रीशिक्षणासाठी निधी उभारला आणि त्यातून १९३२ साली लेडी अर्विन कॉलेज जन्मास आले. १९५० साली ते दिल्ली विद्यापीठात सामील झाले. पुण्यातील एका सभामंडपात पेरलेले बी दिल्लीत उगवले, ते गायकवाडांच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर.

१९३३ सालच्या ऑक्टोबरात विद्यापीठाला हक्काचे घर मिळाले. नवी दिल्ली वसून व्हाइसरॉय रायसीना टेकडीवरील नव्या प्रासादात राहावयास गेले, तेव्हा त्यांचे जुने निवासस्थान मोकळे झाले होते. मुळात ही वास्तू १९०२ साली विश्रामगृह म्हणून बांधलेली. १९१२ नंतर व्हाइसरॉय तेथे राहू लागले. ज्या वर्षी विद्यापीठाचा कायदा झाला, त्याच वर्षी याच घरात तरुण माउंटबॅटनने एडविनाला लग्नाची मागणी घातली होती. विद्यापीठाच्या कचेऱ्या आणि ग्रंथालय तेथे आले. नृत्याच्या दालनात पुढे दीक्षान्त समारंभ होऊ लागले. राज्यकर्त्यांनी सोडलेल्या वाड्यात विद्येने बिऱ्हाड करावे, हा योग पुण्याच्याही कुंडलीत होता. गणेशखिंडीतील गव्हर्नराचा पावसाळी निवास १९४९ साली पुणे विद्यापीठाकडे आला.

पुणे आणि दिल्ली यांच्यातील साम्य येथेच थांबत नाही. १९३७ साली फेडरल कोर्ट स्थापन झाले, तेव्हा त्याचे न्यायाधीश तीन होते: सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. या तिघांपैकी दोघांची नावे न्यायनिवाड्यांपेक्षा विद्यापीठांशी अधिक जोडली गेली. जयकर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि ग्वायर १९३८ पासून १९५० पर्यंत, म्हणजे तब्बल बारा वर्षे, दिल्लीचे कुलगुरू राहिले. आरंभीची काही वर्षे तर त्यांनी सरन्यायाधीशाचे काम सांभाळून हा व्याप केला.

आजचे दिल्ली विद्यापीठ ज्या आकारात दिसते, तो आकार ग्वायर यांनी दिला. शहरभर विखुरलेली कॉलेजे व्हाइसरॉयच्या जुन्या वाड्याभोवती आणून वसवावीत, प्रत्येक कॉलेजाने आपले वेगळेपण राखावे, परंतु उच्च शिक्षणाचे काम सर्वांनी मिळून करावे, अशी त्यांची संघराज्यासारखी योजना होती. घटनेच्या वादांत मुरलेल्या न्यायाधीशाला शोभणारीच ती कल्पना. सेंट स्टीफन्स १९४१ साली काश्मिरी दरवाजाहून तेथे आले, हिंदू कॉलेज १९५३ साली. १९४३ साली ग्वायर यांनी इंटरमिजिएटची परीक्षा काढून टाकून तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. देशात हे प्रथमच घडत होते. पुढे पंधरा-वीस वर्षांनी इतर विद्यापीठांनी हाच मार्ग धरला. माणसे हेरण्याची दृष्टीही त्यांना होती. दौलतसिंग कोठारी पदार्थविज्ञानात होतेच, ग्वायर यांच्या काळात रसायनशास्त्रात शेषाद्री आणि वनस्पतिशास्त्रात पंचानन माहेश्वरी आले, व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९४९ साली दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची स्थापना केली. ग्रंथालयशास्त्राचे आद्य आचार्य रंगनाथन यांनीही या काळात येथे अध्यापन केले. १९४८ साली मुलींसाठी मिरांडा हाउस निघाले. हे नाव शेक्सपिअरच्या नाटकातील नायिकेवरून ठेवले की आणखी कशावरून, याच्या आख्यायिका तेथील विद्यार्थिनी एकमेकींना अजून सांगतात.

एक गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. ग्वायर यांच्या मनातील विद्यापीठ हे ऑक्सफर्डचे चित्र होते. हिरवळ, वसतिगृहे, निवडक विद्यार्थी, त्यांच्यामागे फिरणारे अध्यापक. हे चित्र सुंदर होते यात शंका नाही. परंतु दिल्ली शहर त्या चित्रात मावणारे नव्हते. याच काळात, १९४४ साली, एक लहानशी तरतूद झाली, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ज्या स्त्रियांना रोज कॉलेजात जाणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी कॉलेजबाह्य महिला शिक्षण मंडळ स्थापन करण्यात आले. घरात राहून, घरचे पाहून त्यांना परीक्षेस बसता येऊ लागले. निवासी विद्यापीठाच्या कल्पनेला पडलेली ही पहिली खिंड होय.

दुसरी खिंड फाळणीने पाडली. १९४७ च्या उन्हाळ्यानंतर काही महिन्यांतच दिल्लीची लोकसंख्या आणि तिचे मन दोन्ही बदलून गेले. पश्चिम पंजाबातून आलेल्या लक्षावधी निर्वासितांत हजारो विद्यार्थी होते. कोणाचे प्रमाणपत्र मागे राहिलेले, कोणाचे वडील, तर कोणाचे दोन्ही. सत्तर वर्षांपूर्वी दिल्लीचे कॉलेज लाहोरने नेले होते. आता लाहोरची कॉलेजे दिल्लीला येऊ लागली. लाहोरच्या आर्यसमाजी शिक्षणसंस्थांच्या परंपरेतून १९४८ साली हंसराज कॉलेज उभे राहिले. १९५१ साली खालसा कॉलेज निघाले. १९५२ साली निर्वासितांच्या वस्तीत, कालकाजी येथे, देशबंधू कॉलेज सुरू झाले. लाहोरच्या दयाल सिंग कॉलेजानेही दिल्लीत नव्याने जन्म घेतला. पंजाब विद्यापीठाचे ‘कॅम्प कॉलेज’ तर राजधानीत संध्याकाळी भरे. दिवसभर कचेरीत कारकुनी करावयाची आणि दिवेलागणीला बाकावर येऊन बसावयाचे. पदवी ही या मुलांची प्रतिष्ठा नव्हती, ती त्यांची भाकरी होती. त्यांना हिरवळीवरच्या गप्पांतून घडणारे शिक्षण परवडणारे नव्हते.

१९५० ते ५३ या काळात कुलगुरू होते डॉ. सुरेंद्रनाथ सेन. मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला हे नाव सांगावे लागत नाही. बारिसाल जिल्ह्यात जन्मलेल्या या बंगाली पंडिताने मराठी शिकून सभासदाच्या बखरीचे इंग्रजी भाषांतर केले. मराठ्यांची राज्यव्यवस्था आणि मराठ्यांची लष्करी व्यवस्था यांवर ग्रंथ लिहिले. राष्ट्रीय दप्तरखान्याचे प्रमुखपद सांभाळून ते विद्यापीठात आले. त्यांच्या कारकिर्दीत, १९५२ साली, विद्यापीठाचा कायदा बदलला आणि दूरदूरच्या वस्त्यांतील नव्या कॉलेजांना सामावून घेण्यास वाट मिळाली. सेन यांच्यामागून आले ते खुद्द पुण्याचे, रँग्लर गणेश सखाराम महाजनी. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी दीर्घकाळ भूषविले होते आणि राजपुताना विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून काम केले होते. १९५३ ते ५७ ही त्यांची दिल्लीतील वर्षे. अल्प वेतनावर शिकविणाऱ्या आजीव सदस्यांच्या संस्थेत वाढलेल्या या गणितज्ञाला सरकारी अनुदानावर फुगत जाणाऱ्या राजधानीच्या विद्यापीठात काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. नव्या कॉलेजांची रीघ लागली होती; १९५६ साली दक्षिणेकडे मुलींचे लेडी श्रीराम कॉलेज निघाले. महाजनींनंतर व्ही. के. आर. व्ही. राव आले आणि १९५८ पासून सायंकालीन वर्गांची सोय झाली. कॅम्प कॉलेजाने जे गरजेपोटी केले, ते आता विद्यापीठाने धोरण म्हणून स्वीकारले.

यानंतर जे नाव येते, त्याच्याजवळ थोडे थांबणे भाग आहे. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी झाला. मॅट्रिकला विद्यापीठात पहिले येऊन संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे आय. सी. एस. परीक्षेतही ते पहिले आले; रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. लोकसभेत ते कुलाब्याचे प्रतिनिधी होते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. परंतु राजीनाम्यानंतरची त्यांची दहा-अकरा वर्षे शिक्षणाकडे गेली, याची आठवण तेवढी ठेवली जात नाही. १९५६ ते १९६१ ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते आणि १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. मंडळाचे उद्घाटन १९५३ साली मौलाना आझादांच्या हस्ते झाले, तेव्हा तिजोरीच्या किल्ल्या देशमुखांच्याच कमरेला होत्या. म्हणजे आधी पैसे देणारा, मग ते वाटणारा आणि शेवटी ते मागणारा, अशा तिन्ही खुर्च्यांवर ते बसले. शिक्षणाच्या खर्चाची बाजू इतक्या अंगांनी पाहिलेला दुसरा कुलगुरू देशात झाला नसावा.

त्यांच्या काळात विद्यापीठाची विद्वत्ता ऐन भरात होती. १९६३ सालानंतर पदार्थविज्ञान, रसायन, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अशा अनेक विभागांना प्रगत अध्ययन केंद्रांचा दर्जा मिळाला. अर्थशास्त्रात तरुण अमर्त्य सेन १९६३ साली प्राध्यापक म्हणून आले. समाजशास्त्राचा विभाग एम. एन. श्रीनिवास यांनी उभारला. ते मुंबईच्या डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचे शिष्य. म्हणजे येथेही एक धागा मुंबईपर्यंत जातो.

परंतु देशमुखांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी घटना या नामवंत विभागांत घडली नाही. ती घडली टपालाच्या पिशवीत. डॉ. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने पत्रद्वारा शिक्षणाचा प्रयोग करून पाहावा, असे सुचविले होते. आणि १९६२ साली दिल्ली विद्यापीठात पत्रद्वारा अभ्यासक्रमांची शाळा सुरू झाली. विद्यापीठाने पदवीचे शिक्षण टपालाने घरपोच द्यावयाचे, हे भारतात पहिल्यानेच होत होते. आरंभी विद्यार्थी होते सुमारे नऊशे. कोणी दुकानात बसणारे, कोणी प्राथमिक शिक्षक, कोणी सरकारी कचेरीतले लेखनिक, कोणी लग्न होऊन शिक्षण सुटलेल्या मुली. छापील पाठ यावयाचे, उत्तरे लिहून पाठवावयाची आणि परीक्षा मात्र तीच, जी सेंट स्टीफन्सच्या विद्यार्थ्याने द्यावयाची.

संस्कृत श्लोक रचणाऱ्या, मेघदूताचा मराठी समश्लोकी अनुवाद करणाऱ्या या रसिक कुलगुरूच्या कारकिर्दीत टपालाने शिक्षण सुरू व्हावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु देशमुख मुळात हिशेबी कारभारी होते. शिकू इच्छिणारे किती, इमारती किती आणि पैसा किती, यांची बेरीज ग्वायर यांच्या हिरवळीवर जुळत नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत असणार. ग्वायर यांचे नाव वसतिगृहाला आहे, देशमुखांच्या या कामाला तसे स्मारक नाही; तरी या विद्यापीठाच्या इतिहासात १९४३ पेक्षा १९६२ हे वर्ष अधिक दूरगामी ठरले, असेच म्हणावे लागेल. अर्थात त्याची दुसरी बाजूही दडवून चालणार नाही. पत्रद्वारा शिकणाऱ्याला पदवी तीच मिळाली, पण ग्रंथालयातील खुर्ची, अध्यापकाचा सहवास आणि समाजातील मान हे तेच मिळाले नाही. दार उघडले गेले, पण ते मागचे दार होते, अशी तक्रार हे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले, आणि ती निराधार नाही. आज मुक्त शिक्षण विद्यालय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या शाळेतून शिकलेल्यांची गणती लाखांत होते.

चिंतामणरावांचा उल्लेख झाला की दुर्गाबाईंचा व्हावयासच हवा. मद्रासेत आंध्र महिला सभा काढणाऱ्या, संविधान सभेत बसलेल्या दुर्गाबाई आणि चिंतामणराव यांचा विवाह १९५३ साली झाला. १९५८ साली स्त्रीशिक्षणाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्षपद दुर्गाबाईंकडे आले. दिल्लीतील दाक्षिणात्य कुटुंबांच्या मुलांसाठी १९६१ साली धौला कुआँजवळ श्री व्यंकटेश्वर कॉलेज निघाले, त्यामागेही त्यांचाच पुढाकार होता. १९७३ साली विद्यापीठाने दक्षिण परिसर स्थापन केला आणि १९८४ साली तो याच भागात स्थिरावला. उत्तरेकडच्या डोंगरकड्यावरून विद्यापीठ शहराच्या दुसऱ्या टोकाला पोहोचले. २०१८ साली तेथून जाणाऱ्या मेट्रोच्या स्थानकाला दुर्गाबाई देशमुख यांचे नाव देण्यात आले.

नंतरच्या दशकांचा वृत्तान्त अधिक परिचित आहे, म्हणून तो थोडक्यात सांगता येईल. १९७५ च्या आणीबाणीत विद्यापीठातील कित्येक विद्यार्थी व अध्यापक तुरुंगात गेले. १९९० साली मंडल आयोगाच्या शिफारशींवरून उसळलेल्या आंदोलनाचे केंद्र हेच विद्यापीठ होते. निर्वासितांच्या मुलांसाठी उघडलेल्या देशबंधू कॉलेजातीलच एका विद्यार्थ्याने तेव्हा स्वतःला पेटवून घेतले. कोणाला आत घ्यावयाचे, हा प्रश्न इतक्या दारुण रूपाने पूर्वी कधी पुढे आला नव्हता. पुढे केंद्रीय शिक्षणसंस्थांत इतर मागासवर्गीयांसाठी सत्तावीस टक्के जागा राखण्याचा कायदा झाला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला आणि इतरांच्या जागा कमी होऊ नयेत म्हणून एकूण जागा निम्म्याहून अधिक वाढवाव्या लागल्या. तरीही दाराशी गर्दी एवढी की, २०११ साली श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने काही अर्जदारांसाठी शंभर टक्के गुणांची अट घातली. परीक्षेत एकही गुण न गमावलेल्यालाच प्रवेश! गौर यांच्या साडेसातशे विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाला ही स्थिती स्वप्नातही सुचली नसती. २०२२ पासून ही गुणांची चढाओढ थांबून प्रवेशासाठी सामायिक परीक्षा आली. ग्वायर यांच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमालाही धक्का बसला. २०१३ साली चार वर्षांचा अभ्यासक्रम घाईने आणला गेला, पुढच्याच वर्षी मागे घेतला गेला आणि २०२२ साली नव्या शिक्षण धोरणानुसार निराळ्या रूपात पुन्हा आला.

१ मे २०२२ रोजी विद्यापीठाच्या शताब्दीचा प्रारंभ झाला. तीन कॉलेजांची जवळजवळ नव्वद झाली आहेत. व्हाइसरॉयच्या वाड्यात आज कुलगुरूंचे कार्यालय आहे आणि कामकाजाच्या दिवशी तेथील हिरवळीवर विद्यार्थ्यांचे घोळके दिसतात. शनिवारी-रविवारी मात्र वर्दळ निराळी असते. नियमित विद्यार्थ्यांना सुट्टी असते, तेव्हा कॉलेजांचे तेच वर्ग पुन्हा उघडतात आणि १९४४ साली स्थापन झालेल्या कॉलेजबाह्य महिला मंडळाच्या विद्यार्थिनी त्याच बाकांवर येऊन बसतात. त्यांच्यातल्या कित्येक जणींना दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जावयाचे असते.